खूण न केलेला चौकोन

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "नोकरीतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं. मग चार दिवस आठवत बसले तर गंमत एकच सापडली. ती आधी सांगून टाकते. बाकीचं गमतीत बसणारं नाही.

मी नांदगाव खंडेश्वरकडची. अमरावतीत संख्याशास्त्र शिकले आणि खारपाणपट्ट्यात काम करणाऱ्या एका संस्थेत एकवीस वर्षं आकडे सांभाळले. गेल्या वर्षी निवृत्त झाले. ज्यांनी हा पट्टा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना, अकोला-अमरावतीच्या कितीतरी गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे. बोअर मारली तर पाणी लागतं, पण चहा करायला घेतलं तर दूध फाटतं. आमची माणसं विहिरींचे, हातपंपांचे नमुने आणत. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांच्या रक्ततपासण्या त्यांची परवानगी घेऊन लिहून आणत. ते सगळं माझ्या टेबलावर येई. गावांमध्ये मला 'आकडेवाल्या बाई' म्हणत. आडनाव वानखडे आहे हे फार थोड्यांना माहीत होतं.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी 'नोटबुक' शिकले. ही संगणकातली वही. एकाखाली एक चौकोन असतात. एका चौकोनात आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यात संगणकाला हुकूम द्यायचा की या गावांच्या पाण्यातल्या क्षारांचा आलेख काढ, आणि उत्तर त्या चौकोनाच्या खालीच उमटतं. हिशेब तिथेच, टिपणं तिथेच, फसलेले प्रयत्नही तिथेच. मला ती फार आवडली. आपण काय केलं ते सगळं एका जागी दिसतं.

याच वहीचा स्लाइड शो करता येतो. त्यासाठी प्रत्येक चौकोनाला एक खूण करायची. हा नव्या स्लाइडवर घे, हा वगळ, हा फक्त बोलणाऱ्याच्या टिपणात ठेव. खूण केली नाही तर त्या जागी नुसती एक आडवी रेघ राहते. मग रेघवाल्या चौकोनाचं काय होतं? तो आधीच्या स्लाइडच्या खाली चिकटतो. म्हणजे तुम्ही काहीच ठरवलं नाहीत तर ते लोकांना दिसणार. असं आधीपासून ठरून आलेल्या गोष्टीला आमच्याकडे डिफॉल्ट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवला तर पुढचं सगळं कळेल.

आता ती गंमत. आमचे प्रमुख गावंडे सर. माणूस तळमळीचा, पण स्लाइडवरचं प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचायची सवय. एकदा पुण्याहून पाहुणे आले होते. सर एक आलेख समजावत होते, खालची ओळ आली, तीही त्यांनी त्याच सुरात वाचली, "हा आलेख सरांना समजणार नाही, सोपा करून देणे." ते माझं स्वतःसाठी लिहिलेलं टिपण होतं. खूण करायची राहून गेली होती. पाहुणे हसून बेजार. सर संध्याकाळी माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, "वानखडेबाई, खरं सांगू का, मले समजलाच नव्हता."

ते हसण्यावारी गेलं. तेव्हाच मी हात धुऊन त्या रेघेच्या मागे लागायला हवं होतं. मी लागले नाही.

पुढच्याच हिवाळ्यात एका तालुक्याच्या ठिकाणी सभा होती. शाळेचा हॉल, पांढऱ्या चादरीचा पडदा, शे-सव्वाशे माणसं. मी मागच्या रांगेत होते. सरांनी आलेख दाखवला आणि बोलता बोलता माऊसचं चाक फिरवलं. स्लाइड वर सरकली आणि खालून एक तक्ता आला. नाव, वय, गाव, रक्ताचा रिपोर्ट. वीस ओळी. तो मी फक्त पडताळणीसाठी काढला होता. खूण नव्हती म्हणून तो आलेखाच्या खाली चिकटला होता, आणि माझ्या लॅपटॉपवर तो पडद्याच्या कडेखाली गेल्यामुळे मला दिसलाच नव्हता.

सरांना कळेना काय झालं. मी रांगेतून लोकांचे पाय तुडवत धावले आणि प्रोजेक्टरसमोर उभी राहिले. नावं माझ्या साडीवर आली. कोणीतरी पुढून एक नाव मोठ्याने वाचलं.

ते नाव मी इथे भास्करराव असं लिहिते. ते खरं नाही. भास्करराव आसपासच्या गावांतली मुलं व्हॅनमधून शाळेत नेत. रक्तातला दोष अगदी सुरुवातीचा होता, गाडी चालवायला डॉक्टरांची काही हरकत नव्हती. पण तक्त्यात डॉक्टरांचं म्हणणं नव्हतं, नुसता आकडा होता आणि तो लाल रंगात होता. रंग मीच दिला होता. आठवड्याभरात पालक म्हणू लागले, चालवता चालवता चक्कर आली तर? मुलं दुसऱ्या गाडीने जाऊ लागली.

मी डॉक्टरांचं पत्र घेऊन त्या पालकांकडे गेले. पत्र त्यांनी वाचलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आता दुसरी गाडी लावली आहे, काय करणार? मग मी भास्कररावांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. बायकोने चहा आणला. मी माफी मागितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, तुमी मले इचारलं होतं, रिपोर्ट लिहून घेऊ का? मी म्हनलं, लिहा. पडद्यावर लावू का, असं तं तुमी मले नाई इचारलं."

ते पुढे सिमेंटच्या गोण्यांची गाडी चालवू लागले. आमच्या माणसांना त्यांनी पुन्हा रक्ताचा नमुना दिला नाही. दोष पुढे वाढला की तसाच राहिला, हे मला आजही माहीत नाही.

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. नावं असलेल्या नोंदी वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये नेल्या. आणि पाच-सहा ओळींचा एक हुकूम लिहिला की वहीचा स्लाइड शो बनताना ज्या चौकोनाला खूण नाही तो सरळ वगळायचा. डिफॉल्टच उलटं केलं. आता न ठरवलेलं काही दिसणार नाही. मला वाटलं, सुटले. दोन वर्षं खरंच काही झालं नाही. सर म्हणायचे, "बाई, तुमच्या स्लाइडा आता कशा स्वच्छ असतात." मलाही ते आवडायचं. त्या हुकुमाचं हळूहळू विस्मरणच झालं.

बाळापूर तालुक्यातल्या एका गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावात शाळेच्या मागे, नाल्याच्या काठी एक विहीर आहे आणि तिचं पाणी गोडं आहे. खाऱ्या मुलखात गोडं पाणी म्हणजे काय ते तिथल्याच माणसाला विचारावं. आमच्या क्षारांच्या यादीत सर्वांत कमी क्षारांची म्हणून ती विहीर पहिल्या क्रमांकावर आली होती. क्षार जागेवरच मोजता येतात. जंतूंची तपासणी मात्र प्रयोगशाळेत होते आणि तिला दिवस-दीड दिवस लागतो.

पावसाळा सरता सरता बाळापूरला सरपंचांची बैठक ठरली. गावात पिण्यासाठी कोणतं पाणी वापरायचं हे त्यात ठरणार होतं. सर पहाटेच अमरावतीहून निघाले होते. मी ऑफिसात होते. साडेनऊला प्रयोगशाळेतून फोन आला. त्या गोड्या विहिरीत जंतू निघाले होते, तेही भरपूर. पुरात नाल्याचं पाणी आत शिरलं असणार. तेवढ्यात सरांचा फोन, "बाई, मी पोचून राहिलो, फाइल पाठवा लवकर."

मी वही उघडली. यादीच्या चौकोनाखाली नवा चौकोन घातला आणि लिहिलं, "शाळेमागची विहीर दूषित. हे पाणी पिऊ नये, मुलांना देऊ नये." खूण केली नाही. जुनी सवय अशी, की खूण नसली की चौकोन यादीखाली चिकटतो, आणि मला तेच हवं होतं. स्लाइड शो बनवला आणि उघडून न बघता पाठवून दिला. मग सरांना फोन करून सांगायला हवं होतं ना? त्यांचा फोन आला तेव्हाही बोलले नाही, नंतरही केला नाही. मनात म्हटलं, सर प्रत्येक अक्षर वाचतात. हेही वाचतील.

दुपारी अडीचला सहज फोन केला.

"सर, त्या विहिरीचं ऐकून लोक काय म्हणाले?"

"खूश झाले! पयला नंबर म्हटल्यावर टाळ्या पडल्या. सरपंचानं तिथूनच फोन करून शाळेची टाकी भरायला सांगितली."

"सर, दूषित आहे ती. मी खाली लिहिलं होतं."

"खाली काई नव्हतं बाई. यादी झाली की पुढची स्लाइड."

मी पाठवलेली फाइल उघडली. यादी होती आणि त्यानंतर थेट पुढची स्लाइड. मग मला माझाच हुकूम आठवला. सर तोवर अकोल्याला पोचले होते. ते म्हणाले, "मी गाडी वळवतो, तुम्ही फोन लावा."

त्या गावात मी दोन माणसांना ओळखत होते. एक ताराबाई, अंगणवाडी सेविका, आमच्यासाठी नमुने गोळा करायच्या. त्यांचा फोन लागेना. दुसरे सरपंच.

"टाकी रिकामी करा," मी म्हटलं. "ते पाणी खराब आहे. मुलांना पिऊ देऊ नका."

"बाई, दोन घंट्यापैले तुमच्याच सायबानं पडद्यावर दाखवलं. आता तुमी फोनवर म्हनता खराब हाये. मी कोनाचं आयकू?"

"माझं ऐका. रिपोर्ट सकाळी आलाय."

"सकाई आला तं पडद्यावर कावून नव्हता?"

याचं उत्तर द्यायला मला चौकोन, रेघ, हुकूम सगळं समजावून सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "माझ्या चुकीमुळे नव्हता. आधी नळ बंद करा, मग मला काय बोलायचं ते बोला." मग ते कोणालातरी ओरडून सांगत असल्याचं ऐकू आलं, "ए, शायेत जा, टाकीचा कॉक बंद कर म्हना."

सर सव्वाचारला पोचले. टाकी तेव्हा रिकामी होत होती. पण दुपारभर मुलं प्यायली होती. एरवी घोटभर पिऊन तोंड वाकडं करणारी मुलं त्या दिवशी ओंजळी भरभरून प्यायली, कारण पाणी गोड होतं. हे मला हेडमास्तरांनी संध्याकाळी फोनवर कौतुकाने सांगितलं, त्यांना तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गेले. ताराबाई आणि मी मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं घेऊन घरोघर फिरलो. प्रत्येक दारात एकच प्रश्न, पोरांना जुलाब आहेत का? नाही म्हणाले की पुढचं दार. पहिल्या दिवशी दोन मुलं निघाली. दुसऱ्या दिवशी आणखी पाच. त्यातली एक ताराबाईंची नात, समीक्षा, पहिलीतली. इतर घरीच सावरली, तिला मात्र अकोल्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

सरांनी गावात सांगितलं होतं की तांत्रिक अडचणीमुळे रिपोर्ट दाखवायचा राहिला. मला सांभाळून घ्यायचा त्यांचा हेतू होता. दवाखान्याच्या बाकावर ताराबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. आत सलाईन चालू होतं. त्याच मला धीर देत होत्या. "तुमी कायले एवढ्या जीवाले लावून घेता मॅडम? थे लॅबवाले उशीर करतेत, त्याले तुमी काय करान?"

ते मला सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. चौकोन, रेघ, मी लिहिलेला हुकूम, न बघता पाठवलेली फाइल.

त्यांनी ऐकून घेतलं. मग सावकाश विचारलं, "म्हंजे तुमाले सकाईच मालूम होतं?"

"हो."

"साडेनवाले?"

"हो."

त्या उठल्या आणि आत नातीजवळ जाऊन बसल्या. मी दुपारभर बाहेर बसून राहिले. जावं की थांबावं कळत नव्हतं. एकदा त्या पाण्याची बाटली भरायला बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा तुमी आता. पोट्टीले बरं वाटलं का बोलू."

तिसऱ्या दिवशी समीक्षाने खिचडी खाल्ली, हे मला सरांकडून कळलं. ताराबाईंचा फोन पंधरा-वीस दिवसांनी आला. रामराम नाही, जयभीम नाही, एकदम सुरुवात.

"पुढच्या टायमाले फाइल पाठवाच्या आदी मले वाचून दाखवाची."

"दाखवते."

"सगळी. जे लपवान थे बी."

मी मानलं. हुकूमही बदलला. आता खूण नसलेला चौकोन दाखवायचाही नाही आणि वगळायचाही नाही. तसा एक जरी सापडला तरी स्लाइड शो बनणारच नाही, संगणक अडून बसेल. प्रत्येक चौकोनाजवळ थांबून माणसाने ठरवायचं. सर वैतागले. शंभर-सव्वाशे चौकोन असत, अर्धा दिवस जाई. मी पहिल्यांदाच त्यांना स्पष्ट सांगितलं की हे बदलायचं असेल तर दुसरं माणूस बघा. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

ताराबाईंना मी फोनवर वाचून दाखवू लागले. त्यांना आलेख दिसत नसे, म्हणून मला तो बोलून सांगावा लागे. निम्म्या वेळा बोलून सांगताना मलाच कळे की आलेख बरोबर नाही. त्या मध्येच विचारत, "हे कावून ठेवलं? हे कावून काढलं?" चिडचिड व्हायची. तरी काढलेल्या प्रत्येक चौकोनाला माझ्याकडे कारण तयार असायचं. कोणाचं नाव कळेल, आकडा अजून पक्का नाही, असं काहीतरी.

निवृत्तीच्या आधीची शेवटची मोठी सभा अकोल्याला होती. पाच-सहा तालुक्यांचे लोक, काही अधिकारी, काही डॉक्टर. आदल्या दिवशी ताराबाईंना वाचून दाखवत होते. एका चौकोनाशी आले. त्यात लिहिलं होतं, "गेल्या वेळी एका गावातल्या विहिरीचा दूषित रिपोर्ट हाती असूनही बैठकीत दाखवला गेला नाही. मुलं आजारी पडली. चूक आमची." हे मीच लिहिलं होतं. खूणही केली होती, 'वगळा'.

"हे दाखवनार नाई?"

"नाही."

"कावून?"

मी म्हटलं, गावाची बदनामी होईल. त्या म्हणाल्या, गावाचं नाव तर नाहीच त्यात. मी म्हटलं, संस्थेवरचा विश्वास उडेल. फोन चालू होता, मागे शेळी ओरडत होती. मी पुढे कारण शोधत राहिले आणि मला ते सापडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमी पाहा बाप्पा," आणि फोन ठेवला. रात्री झोप आली नाही. निवृत्तीला दोन महिने उरले होते. लोकांनी मला कशासाठी लक्षात ठेवावं, हा स्वार्थी विचारही आला. पहाटे उठून मी खूण बदलली. यावेळी सरांना फोन करून आधी सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे," पण आवाज ठीक नव्हता.

सभेत ती स्लाइड आली. सर सवयीप्रमाणे वाचू लागले, "गेल्या वेळी एका गावातल्या," आणि थांबले. पुढे वाचवेना त्यांना. त्यांनी तिसऱ्या रांगेत माझ्याकडे पाहिलं. मी उठले, पुढे गेले आणि उरलेलं वाचलं. शेवटी 'चूक आमची' असं होतं. तिथे मी 'चूक माझी' असं म्हटलं आणि कशी झाली तेही सांगितलं. अधिकारी कागद चाळू लागले. मला वाटलं, आता कोणीतरी उठून आपल्याला झापणार.

मागच्या बाजूला धोतर-टोपीतले एक म्हातारे शेतकरी उठले. त्यांना मी ओळखत नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "मंग आमच्या गावचं काय काय हाये तुमच्यापाशी, जे दाखवलं नाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर माहिती हवी होती. त्यांच्या शेजारचा उठला, त्यालाही हवी होती. मग दर्यापूरकडच्या दोन बाया उठल्या. सरांनी माझ्या हातात रिमोट दिला आणि ते खाली जाऊन बसले.

मी रिमोट टेबलावर ठेवला, स्लाइड शो बंद केला आणि पडद्यावर मूळ वही उघडली. नावं तिच्यात नव्हतीच. फसलेले आलेख होते, अर्धवट आकडे होते, कुठे कुठे 'पुन्हा तपासणे' असं लिहिलेलं होतं. म्हाताऱ्यांना म्हटलं, "या बाबा, पुढे बसा. तुमच्या गावापासून सुरू करू." जेवणाची वेळ टळून गेली तरी कोणी उठलं नाही.